दोन फूट वर बसवलेली पट्टी

साल होते दोन हजार अकरा. त्या वर्षी आमच्या नदीला मोठा पूर आला, आणि तो आलाच नाही असे कागदोपत्री ठरले. मित्रांनो, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा घडल्या ते मला ठाऊक आहे, कारण मी एक जुनी पूरमापक पट्टी आहे. पांढरा मुलामा दिलेले जाड लोखंड, त्यावर काळ्या रेघा, फुटांचे काळे आकडे आणि बाराच्या आकड्यावर एक तांबडी रेघ. नदीकाठच्या दगडी भिंतीवर मी उभी असते. पाणी कुठवर आले ते सांगायचे, एवढेच माझे काम.

माझा जन्म त्याच्या अर्धशतक आधीचा. ज्या कारखान्यात मी घडले तिथे एक चष्मेवाला कारागीर होता. तो एकेक रेघ रंगवी आणि श्वास रोखून बाजूला सरके. मग आम्हा सगळ्या पट्ट्यांना भट्टीत घातले. बाहेर आलो तेव्हा आम्ही आरशासारख्या चकाकत होतो. माझ्या शेजारच्या पट्टीला एक बारीक तडा गेला होता, तर तिला काढून टाकले. मापाला तडा चालत नाही, असे तो म्हणाला. ते वाक्य पुढे आयुष्यभर माझ्या डोक्यात घर करून राहिले.

मला बसवायला जो माणूस आला त्याच्याजवळ तीन पायांवर उभी राहणारी दुर्बीण होती. सगळी सकाळ तो एक डोळा मिटून काठावर फिरत होता. मदतनीस कंटाळले. नुसती पट्टी तर ठोकायची, त्याला एवढे काय, असे ते कुजबुजले. तो मात्र ठिम्म. त्याने माझा शून्य जिथे यायला हवा तिथेच आणला आणि मगच खिळे मारू दिले. तेव्हापासून माझा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाला.

काय मान होता माझा! पावसाळा सुरू झाला की साऱ्या काठाचे डोळे माझ्याकडे. नगरपालिकेचा माणूस सकाळ-संध्याकाळ येऊन माझा आकडा वाचून जाई. पाणी तांबड्या रेघेला टेकले की पालिकेच्या गच्चीवरचा भोंगा वाजे, आणि आमच्या पायऱ्यांवरून जी गल्ली वर जाते तिथली माणसे गाठोडी उचलून शाळेच्या माडीवर जात.

त्याच गल्लीच्या तोंडाशी एका बाईचा गाद्या शिवण्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, नदीच्या बाजूला मोठी खिडकी, वर फळ्यांचा माळा. आत कापूस पिंजायचे यंत्र दिवसभर खडखडे. बाई जमिनीवर बसून हातभर लांब दाभणाने गादीला टाके घाली. ऊन पडले की तयार गाद्या माझ्या डोक्यावरच्या कठड्यावर वाळत पडत. तिला सगळी गल्ली मावशी म्हणायची. खरी मात्र ती एकाच मुलीची मावशी होती. बहीण गेल्यावर तिची ही लेक तिने आपल्याजवळ ठेवून घेतली होती.

मावशीचा एक नियम होता. पट्टीवर नऊ आले की कापूस माळ्यावर चढवायचा. नऊ म्हणजे पाणी पायऱ्यांच्या वरून तिसऱ्या पायरीला. मग भाचीची नेमणूक त्या पायरीवर होई. ती फ्रॉक सावरत बसे आणि माझा आकडा मोठ्याने ओरडून सांगे. मावशी आतून विचारी, "नीट बघ गं, नऊ का आठ?" पोर म्हणे, "नऊ. पायाला लागलं." की लगेच कापसाच्या गोण्या वर.

ती आठेक वर्षांची असताना मोठा पूर आला. पाणी बरोब्बर तांबड्या रेघेवर. भोंगा वाजला, गल्ली रिकामी झाली. नदीने गल्लीचे उंबरे ओले केले आणि बाकी सगळे पाणी पलीकडच्या खोलगट मैदानात पसरले. ते मैदान गल्लीच्या मागच्या अंगाला होते. उन्हाळ्यात तिथे गुरे चरत, पोरे खेळत. पावसाळ्यात ते नदीचे माजघर. नदी तिथे येऊन हातपाय पसरे, दोन दिवस विसावा घेई आणि आपली आपण निघून जाई. माणसे परत आली, फरशा पुसल्या, कामाला लागली. कुणाची सुईसुद्धा हरवली नाही. पाण्याशी वागायची ती रीत होती.

मग त्या दोन हजार अकराच्या वीस वर्षे आधी काठाचे सुशोभीकरण निघाले. फिरायला रस्ता, रंगीत कठडा, बसायला बाकडी. भिंतीला गिलावा करायचा म्हणून मला काढून एका कोपऱ्यात उभी केली. काम संपल्यावर देखरेख करणाऱ्या तरुणाने मला परत लावायला घेतले. माझे खालचे टोक शेवाळात बुडते, ते दिसायला वाईट दिसते, असे त्याचे मत पडले. कठड्याच्या वरच्या काठाशी माझे डोके जुळले तर कसे एका ओळीत दिसेल! त्याने मला दोन फूट वर ओढले आणि ठोकले. ना दुर्बीण, ना मोजणी. हात झटकून म्हणाला, "आता कशी शोभते."

मित्रांनो, मला तोंड असते तर त्या दिवशी मी किंचाळले असते. मला दोन फूट वर नेले म्हणजे काय झाले ते नीट समजून घ्या. पाणी होते तिथेच राहिले. पण जिथे मी पूर्वी नऊ म्हणत होते, तिथे आता सात म्हणू लागले. खोटे मी बोलत नव्हते, माझ्या तोंडून ते बोलवून घेतले जात होते.

पुढची गंमत ऐका. दोन-तीन पावसाळे गेले आणि पालिकेच्या लक्षात आले की पुराचे आकडे कमी झाले आहेत. सुशोभीकरणामुळे नदी शांत झाली, असे अध्यक्षांनी भाषणात सांगितले. टाळ्या पडल्या. काठाला उत्तम काठ म्हणून ढाल मिळाली. ती ढाल घेऊन सगळ्यांनी फोटो काढला, आणि तोही माझ्याच शेजारी उभे राहून.

मावशीचा कापूस त्याच काळात एकदा भिजला. ती सातावर निवांत होती, नऊची वाट बघत. नऊ दिसेपर्यंत पाणी तिच्या उंबऱ्याला लागले, तेव्हा धावाधाव झाली. दोष तिने स्वतःच्या डोळ्यांना दिला. आता वय झाले, सात आणि नऊ यांतला फरक कळेनासा झाला, असे ती हसत शेजारणीला सांगत होती. गल्लीतल्या एकालाही वाटले नाही की पट्टी चुकली असेल. त्यांचा माझ्यावर इतका विश्वास होता की पाय ओले झाले तरी ते आधी माझ्याकडे बघत. त्या विश्वासाचा मला अभिमान होता. नंतर त्याचेच ओझे झाले.

भाची तोवर शिकून नगररचना विभागात लागली होती. कुठे घरे बांधायची, कुठे रस्ता न्यायचा, कुठे मोकळे सोडायचे हे ठरवणारा तो विभाग. शहराचा नवा विकास आराखडा करायचे काम निघाले तेव्हा पूररेषा आखायची जबाबदारी तिच्याकडे आली. पद्धत अशी की मागच्या काही वर्षांतले माझे आकडे घ्यायचे, त्यांतला सर्वांत मोठा धरायचा, आणि तेवढे पाणी जिथवर पोहोचेल तिथे नकाशावर निळी रेघ ओढायची. रेघेच्या आत बांधकाम नाही. तिने रेघ ओढली तर मागचे खोलगट मैदान रेघेच्या बाहेर पडले. आपण लहानपणी ज्या मैदानात नदी पसरलेली बघितली, ते कोरडे कसे? ती चक्रावली.

एका पावसाळी दुपारी ती डबा घेऊन पायऱ्यांवर येऊन बसली. पाणी चढत होते. तिसऱ्या पायरीला लागले तेव्हा तिने सवयीने माझ्याकडे पाहिले. मी सात दाखवत होते. ती उठली, कारखान्यात गेली आणि मावशीच्या गळ्यातली मोजपट्टी काढून घेऊन परत आली. भिंतीवर गिलाव्याच्या खाली माझ्या जुन्या खिळ्यांचे उंचवटे अजून हाताला लागत होते. तिने ते चाचपले, मोजले, तर बरोबर दोन फूट भरले. मला वाटले, सुटले एकदाची.

कसली सुटते! तिने पालिकेच्या मुख्य अभियंत्यांना काठावर आणले. साहेब भला माणूस, पण कातडी वाचवून चालणारा. त्यांनी पाहिले, मान डोलावली. चूक झाली आहे हे त्यांना एका नजरेत कळले. मग ते बाकड्यावर बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "हे बघा मॅडम, पट्टी आज खाली घेतली तर पंधरा वर्षांचे आकडे चुकीचे ठरतात. आकडे चुकीचे तर आराखडा चुकीचा. मैदानावरच्या वसाहतीचं भूमिपूजन ठरलंय. आराखडा एकदा मंजूर होऊ द्या, मग पट्टीचं बघू."

"मंजूर झाल्यावर काय बघणार, साहेब? घरं?"

साहेब उठले. छत्री उघडून निघून गेले.

हरकती-सूचनांच्या सुनावणीला भाचीने आपल्याच विभागाविरुद्ध हरकत घेतली. सभागृह रस्त्यापलीकडेच आहे आणि त्या दिवशी बाहेरच्या गर्दीसाठी ध्वनिवर्धक लावला होता, म्हणून मला शब्दन् शब्द ऐकू आला. ती म्हणाली, पट्टीची चूक तर आहेच, पण ती दुरुस्त केली तरी पुरे नाही. पूर्वी जो पाऊस महिनाभर रिमझिमत पडायचा तो आता एका दुपारी कोसळतो. हवा तापली आहे, पावसाची चाल बदलली आहे. मागच्या पंधरा वर्षांकडे पाहून पुढच्या पन्नास वर्षांची घरे बांधणे म्हणजे मागे तोंड करून गाडी हाकणे आहे. आराखड्याने येणाऱ्या पावसाचा हिशोब धरावा. मैदान नदीसाठी मोकळे ठेवावे. आणि कुणाला भराव घालून जमीन उंच करायचीच असेल, तर तिथून हुसकलेले पाणी कुणाच्या घरात जाणार हे त्याने आधी सांगावे.

अध्यक्षांनी विचारले, जो पाऊस अजून पडलाच नाही त्याच्यासाठी जागा कशी सोडायची? लोक हसले.

आणि मग उठली कोण, तर मावशी. गल्लीच्या वतीने बोलायला तिला पुढे केले होते. ती म्हणाली की वसाहत झालीच पाहिजे. दोनशे घरे म्हणजे दोनशे बिऱ्हाडे, आणि झोपायला गाद्या सगळ्यांनाच लागतात. गल्लीत शिंपी आहे, सुतार आहे, भांड्यांना कल्हई लावणारा आहे, सगळ्यांची चूल त्यावर पेटेल. नदी काय, ती आम्हाला नवीन नाही. पट्टी आहे, भोंगा आहे. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

संध्याकाळी दोघी कठड्यापाशी गाद्या गोळा करत होत्या. भाचीचे तोंड एवढेसे झाले होते. मावशी म्हणाली, "रुसू नकोस. तू रेघा ओढतेस, मी गाद्या शिवते. माझ्या गादीवर माणूस झोपतो तरी. तुझ्या रेघेवर कोण झोपतं?"

"तुझी पट्टी दोन फूट खोटं बोलते, मावशी. मी मोजलंय तुझ्याच टेपने."

"टेप जुनी आहे ती. ताणली गेलीय," मावशी म्हणाली आणि गादी खांद्यावर टाकून आत गेली.

आराखडा मंजूर झाला. मैदानात दिवसरात्र मातीचे ट्रक रिकामे होऊ लागले. जमीन पुरुषभर उंच झाली, वर इमारती उभ्या राहिल्या. भाचीने मला खाली घेण्याबद्दल पुन्हा विचारले. या वेळचे उत्तर आणखी झकास होते. पट्टी हलवली तर ती मंजूर आराखड्याशी जुळणार नाही, सबब हलवता येत नाही. म्हणजे आधी आराखडा व्हायचा होता म्हणून नाही, आता झाला म्हणून नाही. मित्रांनो, लोखंडालाही कधी कधी गंज चढतो तो पाण्याने नव्हे, अशा उत्तरांनी चढतो.

मावशीचे मात्र दिवस पालटले. गाद्यांना खळ नव्हता. कारखाना छतापर्यंत भरलेला असे.

दोन हजार अकराच्या त्या वर्षी पाऊस भर दुपारी फुटला. वरच्या डोंगरांवर काय कोसळले असेल ते असो, नदी तासाभरात मातकट होऊन फुगली. माझ्या अंगावरून आकडे एकेक करून बुडू लागले. नऊ. दहा. अकरा. पालिकेच्या गच्चीवर भोंगेवाला बटणावर बोट ठेवून दुर्बिणीतून माझ्याकडे बघत होता. त्याला हुकूम होता, तांबडी रेघ भिजल्याशिवाय बोट दाबायचे नाही. आणि माझी तांबडी रेघ एक फूट वर, कोरडी ठणठणीत. खरे पाणी तेव्हा तेराला होते.

भाची भिजत धावत आली. गल्लीत दारोदार ओरडत गेली. काही निघाले, बरेच थांबले, कारण भोंगा वाजला नव्हता. मावशीच्या उंबऱ्यातून पाणी आत आले होते, तरी ती फळीवर बसून एका वसतिगृहाच्या गाद्या शेवटच्या टाक्याला आणत होती. ती दाभण हलवत म्हणाली, "अकरा आहे ना? मग? बारा होऊ दे."

पण मोठे पाणी नदीकडून आलेच नाही. ते मागून आले. ज्या मैदानात नदी हातपाय पसरायची तिथे आता उंच भराव होता, त्याला अडून सगळा लोंढा वळला आणि गल्लीच्या मागच्या तोंडातून आत घुसला. भाची तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याला शाळेच्या माडीचा जिना चढवत होती. ती वळून पाहते तो गल्लीत कमरेइतके पाणी. मी कारखान्याच्या खिडकीसमोर होते, मला आतले सगळे दिसत होते. कोरड्या गाद्या आधी तरंगल्या, होडग्यांसारख्या. मग त्यांनी पाणी प्यायले आणि मेलेल्या जनावरासारख्या जड झाल्या. त्यांतली एक दोघांची मोठी गादी दाराला आडवी येऊन बसली. दार आत उघडणारे. बाहेरून भाची ढकलते आहे, आतून मावशी ओढते आहे, आणि मध्ये तिच्याच हातची मजबूत शिलाई.

मावशीने एक क्षण त्या गादीकडे पाहिले. मग भिंतीवरची मोठी कात्री काढली आणि खोळ उभी फाडली. ओला कापूस मुठीमुठीने उपसून मागे फेकू लागली. मला तिचा चेहरा दिसत होता. पाणी छातीला आले होते आणि ती शिव्या देत होती. नदीला नाही, पालिकेला नाही, स्वतःच्या टाक्यांना. इतके घट्ट कशाला घातले मेले, असे म्हणत होती. गादी रिकामी होऊन लोळागोळा झाली तेव्हा दार वितभर उघडले. भाचीने तिला दंडाला धरून त्या फटीतून अक्षरशः खेचून काढले.

गल्लीतले सगळे वाचले, पण घर एकही वाचले नाही. वसाहत कोरडी राहिली. आणि भोंगा वाजलाच नाही.

चौकशी झाली. तीन माणसे येऊन माझ्यासमोर उभी राहिली. पाण्याची खूण माझ्या अंगावर अकराच्या वर दिसत होती, तांबडी रेघ स्वच्छ. बाराला टेकल्याशिवाय पूर म्हणत नाहीत, तेव्हा हा पूर नव्हे, स्थानिक पाणी साचण्याचा प्रकार, असा त्यांनी निष्कर्ष काढला. पूर नाही म्हणजे नुकसानभरपाई नाही. पूर नाही म्हणजे पूररेषा बदलायचे कारण नाही. पूर नाही म्हणजे आराखडा उत्तम.

आता त्या माणसांचे काय झाले ते सांगते.

मावशीने पुन्हा कारखाना उभारला नाही. भाचीने तिला स्वतःच्या घरी वरच्या मजल्यावर नेले. तिथे ती उशा शिवायची, टाके सैल घालायची. माझी चूक झाली असे ती कधी म्हणाली नाही. फक्त आराखड्यावरच्या पुढच्या सुनावणीला ती काठी टेकत गेली, भाचीच्या हरकतीखाली आपले नाव घातले आणि परत आली. त्यानंतर दोन वर्षांनी ती गेली. भाचीची उद्यान विभागात बदली झाली. तिथे तिने काठावरच्या एका बागेची जमीन मुद्दाम खोलगट करून घेतली, आणि पावसाळ्यात नदी तिथे येऊन बसते. तेवढी एकच जागा. साहेब निवृत्त झाले, टेकडीवर राहतात. अध्यक्ष आणखी एकदा निवडून आले. भोंगेवाल्याने पुढच्या पावसाळ्यात तांबडी रेघ कोरडी असतानाच बोट दाबले. त्याच्याकडे लेखी खुलासा मागितला गेला. त्याने लिहिले, "माझे पाय ओले झाले होते." त्याची एक वेतनवाढ रोखली, पण त्या दिवशी गल्लीत परतलेली माणसे वेळेवर शाळेच्या माडीवर पोहोचली.

माझ्या शेजारी आता एक नवे विजेवर चालणारे यंत्र बसवले आहे. ते दर तासाला आपोआप आकडा पाठवते, चुकत नाही, झोपत नाही. ते आले तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! पण बसवणाऱ्या मुलांनी त्याचा आकडा कशावरून लावला, ठाऊक आहे? माझ्यावरून. मी जे म्हणते तेच ते म्हणते, फक्त जास्त वेगाने आणि जास्त लांबवर.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले कोणी नकाशे काढतील, कोणी घरे बांधतील, कोणी सभागृहात बसतील. नदीला तिची जागा सोडा. ढगांचा स्वभाव बदलला आहे हे मान्य करा. स्वतःचे अंगण उंच करताना पाणी कुणाच्या दारात जाईल ते जाऊन बघा. आणि माझ्यासारख्या जुन्या मापांची काळजी घ्या. दर वर्षी पावसाळ्याआधी एक माणूस मला पुसतो, माझ्या रेघांवर नवा रंग देतो, तांबडी रेघ तर अगदी लखलखीत करतो. तो मन लावून काम करतो, त्याच्यावर माझा राग नाही. पण मला रंग नको आहे. मला दोन फूट खाली घ्या.